ओवी जिथं घाई करते

"निज निज गं बाई,
दिवा लागला देव्हारी,
सावली भिंतीवरी
दोघींची गं..."

हा आवाज दीपमालानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती झोळीत होती. त्या वयातलं कुणाला काय आठवतं? पण तिला हा आवाज आठवायचा. शब्द नाहीत, चालही धड नाही. हिवाळ्यात पाठीला ऊन लागावं, तसं काहीतरी. शब्द कळले ते पुढं, कॅसेटमुळं. मुकुंदवाडीच्या घरात एकच कॅसेट अशी होती जिच्यात माय गात होती. माय जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि घरात तिचा आवाज म्हणून एवढाच उरला होता.

आवडाबाईनं ती कॅसेट नवऱ्यासाठी भरली होती. कडूबा एसटीत ड्रायव्हर, नेमणूक सोयगाव डेपोत. घर मुकुंदवाडीत, म्हातारी आई घरात, बायको बाळंतीण. सुट्टी मिळेल तेव्हाच तो यायचा. लेक कशी दिसते हे त्याला सांगता येत नव्हतं, इतकी ती दर खेपेला बदललेली असायची. मग आवडाबाईनं भावाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, सेल घातले, झोळीशेजारी ठेवला, बटण दाबलं आणि म्हणायला लागली. ती कॅसेट कडूबाबरोबर सोयगावला गेली. डेपोतल्या विश्रांतिगृहात खाटेवर पडून तो ती ऐकायचा. रेकॉर्डर कानाला लावून ऐकायचा, कारण बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे.

आता त्याच कानांनी दगा दिला होता. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताशीच असायचं, आणि सगळी नोकरी त्या धडधडीत गेलेली. डावा कान कधीच गेला होता. आता उजवाही त्याच वाटेनं निघाला होता. औरंगपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर दीपमालाला बाजूला घेतलं. "मशीन लावू. उपयोग होईल. पण बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि ते मशीननंही पूर्वीसारखे परत येत नाहीत. जे ऐकावंसं वाटतं ते त्यांनी आत्ताच ऐकून घ्यावं."

बापानं काय ऐकून घ्यावं, हे दीपमालाला विचारावं लागलं नाही.

ती पुण्याला संशोधन करायची, आणि तिचं कामच आवाज साफ करण्याचं होतं. म्हणजे आवाज नव्हे, लहरी. दूर आकाशात दोन तारे एकमेकांवर आदळले की त्याची थरथर पृथ्वीपर्यंत येते. ती इतकी क्षीण असते की रस्त्यावरून ट्रक गेला तरी तिच्यापेक्षा जास्त हादरा बसतो. त्या सगळ्या गोंगाटातून ताऱ्यांची थरथर वेगळी काढायची, हे तिचं रोजचं काम. त्यापुढं एक कॅसेट म्हणजे काय?

महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून ती आली आणि पहिल्या आठवड्यातच कॅसेटला बसली. टेप इतकी जुनी झाली होती की तिच्या वर्खाचा भुगा होत होता. एकदाच वाजली, तेवढ्यात दीपमालानं ती लॅपटॉपवर उतरवून घेतली, आणि शेवटाला टेप तुटली. मग सफाई. खरखर काढली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक काढली. कुठलासा भोंगा होता, कसलीशी कुरकुर होती, ती काढली. एक दोष मात्र मोठा होता. दुसऱ्या ओवीच्या मध्यापासून मायचा आवाज चढत जायचा आणि चाल जलद व्हायची, शेवटाला तर जवळजवळ पळायची. दीपमालाला कारण लगेच समजलं. भरताना सेल उतरले असणार. सेल उतरले की टेप हळू फिरते, आणि हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की गाणं पळायला लागतं. तिनं शेवटचा भाग हलक्या हातानं लांबवला, पट्टी खाली आणली, आणि माय पहिल्यापासून शेवटपर्यंत एका लयीत, संथ गायला लागली.

ते तिनं बापाच्या मोबाइलवर घालून दिलं. कडूबानं ते ओसरीवर बसून, उजव्या कानाला लावून पूर्ण ऐकलं.

"छान झालंय," तो म्हणाला. "लई मेहनत घेतली तू."

त्यानंतर त्यानं ते एकदाही लावलं नाही.

दीपमाला वाट बघायची. सकाळी चहा देताना बघायची, दुपारी तो खाटेवर आडवा झाला की बघायची. मोबाइल उशाशी असायचा, गप्प. एकदा तिनं स्वतःच विचारलं, "अण्णा, लावून देऊ का?" तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आता कोथिंबीर निवडायची हाय." आणि निवडलेलीच कोथिंबीर पुन्हा निवडत बसला.

त्या दिवशी संध्याकाळी साहेबराव आला. साहेबराव म्हणजे कडूबाच्या गाडीवरचा कंडक्टर. दोघं एकाच गाडीवर म्हातारे झाले, असं तोच सांगायचा.

"काय डायव्हर, घंटी मारली तर गाडी हलंल का?" आल्या आल्या तो कडूबाच्या उजव्या कानाशी ओरडला.

"तुझी घंटी मला नोकरीत बी ऐकू येत नव्हती," कडूबा म्हणाला. "पॅसिंजर ओरडायचे तवा कळायचं."

"आन तुझा हॉर्न अख्ख्या तालुक्याला ऐकू यायचा, त्याचं काय? दीपे, तुझ्या बापाचा हॉर्न म्हंजी काय सांगू. एक आखूड, एक लांब. भोंऽक, भोंऽऽऽऽक. एसटीच्या शंभर गाड्या असू दे, लोक बघायच्या आधीच म्हणायचे, कडूबा आला."

"त्यात काय, एक वळणावर, एक वळून झाल्यावर," कडूबा म्हणाला. "आन तू काय बी सांगू नको पोरीला. चहा घे."

दीपमाला मांडीवर लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसली होती. पडद्यावर एक रेघ थरथरत गेली होती, डावीकडं संथ, उजवीकडं दाट दाट होत.

"हे काय करायलीस?" साहेबरावनं विचारलं.

"तारे आहेत, काका. दोन. जळून विझल्यावर जे उरतं ना, तसले. एकेकाचं वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि आकार केवढा? दौलताबादपासून चिकलठाण्यापर्यंत, बस."

"एवढ्यात सूर्य बसतोय?"

"दाबून दाबून बसवलाय. चमचाभर घेतला तर डोंगराएवढं वजन भरेल."

"मंग त्याचं तिकीट फाडायचं कसं? लगेज लावावं लागंल," साहेबराव म्हणाला, आणि स्वतःच हसला.

"ते दोघं एकमेकांभोवती फिरतात. लाखो वर्षं. फिरता फिरता जवळ येतात, जवळ आले की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी जवळ. शेवटी एक होतात. ही रेघ म्हणजे त्यांची चाल."

कडूबानं मान पुढं केली. त्याला ऐकू यावं म्हणून ती उजव्या बाजूला सरकली.

"अण्णा, तुम्ही गणपतीच्या ज्यादा गाडीवर मालवणला गेला होता ना? समुद्राची भरती बघितली होती?"

"बघितली की. सकाळी रेती होती तिथं दुपारी पाणी. तुझ्या मायला सांगितलं तर इस्वास बसंना. म्हणली, पाणी काय पाय फुटून येतंय?"

"चंद्र ओढतो म्हणून येतं. तशीच भरती या ताऱ्यांना येते. पाण्याला नाही, आख्ख्या ताऱ्याला. दुसरा जवळ आला की हा त्याच्या दिशेनं लांबुळका होतो, आणि याच्यामुळं तो. भिडायच्या आधीच."

"भिडायच्या आधीच," कडूबा म्हणाला.

"हं. आणि त्यामुळं ते जरा लवकर भेटतात. नुसते टणक गोळे असते तर जेवढा वेळ लागला असता, त्याच्यापेक्षा थोडा कमी. शेवटी शेवटी घाई होते. ती घाई मोजली की तारा आतून किती मऊ, किती टणक, ते कळतं."

कडूबा बराच वेळ रेघेच्या दाट टोकाकडं बघत राहिला. मग त्यानं उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडं बघितलं. ओठ हलले.

"काय अण्णा?"

"काय नाय. बरोबर हाय म्हणलं. असंच आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून केयूरचा फोन आला. तो तिच्याच गटातला. या गटात एक खेळ असायचा, पण खेळ म्हणून कुणी घ्यायचं नाही. एकानं कॉम्प्युटरवर दोन तारे बनवायचे, त्यांच्या लहरी खऱ्या यंत्राच्या गोंगाटात लपवायच्या, आणि ते तारे मऊ होते की टणक हे बाकीच्यांनी शोधून काढायचं. म्हणजे उद्या खरी लहर आली तर आपली पद्धत फसत नाही ना, हे आधीच कळतं. दीपमालानं तिचं उत्तर आदल्या दिवशी पाठवलं होतं.

"दीपमाला, तुझे तारे कशाचे बनलेत? वेरूळच्या दगडाचे?" केयूर म्हणाला. "ओढलेच जात नाहीत. भरती शून्य. असं फक्त कृष्णविवरांचं होतं."

"आलं तेच पाठवलं."

"शेवटच्या भागात काय केलंस?"

"वरच्या पट्टीत सगळा गोंगाट होता. तो कापला. आणि उरलेल्यात लहरी थोड्या आधी येत होत्या, ते यंत्राच्या मोजमापातली चूक धरून दुरुस्त केलं."

केयूरनं पलीकडं काहीतरी टाइप केलं. मग हळूच म्हणाला, "चूकच होती हे कशावरून?"

"सुरुवातीच्या चालीशी जुळत नव्हतं म्हणून."

"अगं, जुळणारच नाही ना. आपण तेच तर शोधतोय. सुरुवातीला ते एकमेकांपासून लांब असतात, तिथं कुणीही सरळच चालतं. तू सुरुवातीवरून ठरवलंस की शेवट कसा असायला हवा, आणि मग शेवटाला तसा बसवलास."

दीपमाला फोन हातात धरून उभी राहिली. गल्लीत भाजीचा गाडा आला होता, मेथीवाला ओरडत होता. तिला वाटलं हे वाक्य आपण नुकतंच ऐकलंय, अण्णांच्या उशाशी गप्प पडलेल्या मोबाइलकडून.

"कच्चा डेटा आहे ना तुझ्याकडं?" केयूर विचारत होता.

"आहे. मी कच्चं कधी पुसत नाही."

"मग झालं तर. पुन्हा कर."

पण तिनं पुन्हा करायला घेतलं ते ताऱ्यांचं नाही. तिनं कॅसेटची पहिली, न धुतलेली फाइल उघडली. कानाला हेडफोन लावले.

खरखर आली. खरखरीच्या मागं घड्याळ. टिक, टिक. आणि मग माय.

दीपमाला मायचं ऐकतच नव्हती. ती घड्याळ ऐकत होती. सेल उतरल्यामुळं टेप हळू फिरली असेल, तर टेपवरचं सगळंच पळायला हवं. गाणं पळेल तसं घड्याळही पळेल. टेपला काय ठाऊक, कुठला आवाज माणसाचा आणि कुठला भिंतीवरचा?

दुसरी ओवी आली. माय चढायला लागली, भरभर म्हणायला लागली. आणि घड्याळ आपलं टिक, टिक, पहिल्याइतकंच संथ, शेवटच्या शब्दापर्यंत.

सेल चांगले होते. टेप बरोबर होती. पळत होती ती मायच.

आणि ही गोष्ट सांगू शकणारा एकच साक्षीदार होता, ते घड्याळ, आणि तेच तिनं सगळ्यांत आधी कचरा म्हणून काढून टाकलं होतं.

तिनं फाइल मागं नेली. माय नेमकी कुठून चढते? तिथं, त्या क्षणाच्या जरासं आधी, तिनं पुसलेला भोंगा होता. लांबून आलेला, जालना रोडवरून असावा. भोंऽक. आणि मग भोंऽऽऽऽक.

एक आखूड, एक लांब.

भोंग्यानंतर कुरकुर होती. तीही तिनं काढली होती. आता नीट ऐकली तर ते एक तान्हं बाळ होतं, झोळीत, झोपेत मध्येच जागं होऊन आईचा आवाज का बदलला म्हणून चुळबुळणारं. म्हणजे पुसून टाकलेल्यांमध्ये ती स्वतःही होती.

दीपमालानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. डोळे पुसायला ओढणी घेतली. ती बाहेर आली.

कडूबा ओसरीवर पायरीशी पाय सोडून बसला होता. उन्हं कलली होती. कुंडीतल्या तुळशीला घातलेलं पाणी फरशीवरून वाहत त्याच्या चपलेपर्यंत आलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

"अण्णा," ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. "माझं चुकलं. तुमची टेप मी बिघडवली."

"नाय नाय. कुठं बिघडवली? लई साफ झाली."

"मूळची माझ्याकडं आहे. तशीच्या तशी. ऐकता?"

कडूबानं तिच्याकडं बघितलं. हात कुडत्याला पुसले, देवाचं काही घ्यायचं असावं तसे. तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवले, उजव्या कानावर नीट दाबले, आवाज वाढवला आणि सुरू केलं.

तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर रेघ सरकत होती आणि समोर बापाचा चेहरा होता. पहिली ओवी. दिवा लागला देव्हारी. कडूबानं डोळे मिटले. दुसरी ओवी सुरू झाली. दीपमालाला ती पाठ होती:

वाट सोयगावाची गं,
लांबच लांब, वळणाची,
खूण सांगते येण्याची
धूळ पायरीला.

रेघेवर भोंग्याचा उंचवटा आला, आणि कडूबानं डोळे उघडले. वरच्या पट्टीतलं त्याला किती ऐकू येत होतं कुणास ठाऊक, पण भोंगा खालच्या सुरातला होता, तो त्याच्यापर्यंत पोचला. त्याचा उजवा हात आपोआप उचलला गेला, स्टिअरिंगच्या मध्यावर तळवा ठेवावा तसा.

संपलं. तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला.

"तुम्हीच ना, अण्णा? तो हॉर्न?"

"मीच," तो म्हणाला. "गाडी बिघडली होती. डेपोनं सांगितलं, चिकलठाण्याच्या वर्कशॉपात नेऊन टाक. आता चिकलठाण्याला जायचं म्हंजी आपल्या मुकुंदवाडीवरूनच. सुट्टी नव्हती, काय नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं. मी आपला जाता जाता हॉर्न दिला. आन वर्कशॉपात गाडी देणं तर दूरच, नाक्यावरच साहेबरावाच्या ताब्यात दिली न् गल्लीत शिरलो. पळतच."

"आणि माय?"

"तिनं वळखला. झोळी सोडून उठता येईना, टेप चालू, आई वसरीत बसलेली. मंग काय करंल? म्हणत राहिली. पर बघ की, कशी म्हणायली. मी जसजसा जवळ येऊ लागलो तसतशी..." त्यानं हातानं दाखवलं, रेघ दाट होत गेली होती तसं. "तू काल सांगितलं ना, भिडायच्या आधीच. मला तवाच बोलावंसं वाटलं."

"मग बोलला का नाही?"

"तू एवढं रातंदिस बसून केलेलं." तो पायरीवरच्या पाण्याकडं बघत होता. "तू केलेल्यात ती चांगली गातीय, दीपे. लई संथ. पर त्याच्यात मी घरी येतच नाय."

दीपमालानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गल्लीतून एक रिक्षा गेली. शेजारणीनं अंगणात पाणी मारायला सुरुवात केली.

"तुम्ही आत आलात तेव्हा काय म्हणालात तिला?"

"आत लगेच नाय आलो. भिताडाच्या आडोशाला उभा ऱ्हायलो. आत गेलो आसतो तर ती लाजून थांबली आसती. सगळा वेळ उभा राहून ऐकलं. मंग गेलो. आई बसलेली समोर. काय बोलणार? म्हणलं, भाकरी टाक."

"एवढंच?"

"तवा बायकूला असं कुणी म्हणायचं नाय. पुढं आई गेली, तर म्हणलं आता काय नव्यानं सांगायचं. ऱ्हाऊन गेलं." त्यानं हेडफोनला हात लावला. "पुन्यांदा लाव."

तिनं हेडफोन परत दोन्ही कानांवर बसवले आणि टेप पहिल्यापासून सुरू केली. खोलीत केयूरचा फोन वाजत होता, तिनं वाजू दिला. तारे थांबले असते. लाखो वर्षं फिरून आलेल्यांना एक संध्याकाळ काही जड नव्हती.

रेघ सरकत सरकत भोंग्यापाशी आली. कडूबाचं तोंड अंगणाच्या दाराकडं वळलं. रेघ दाट व्हायला लागली, दाट, आणखी दाट, आणि त्याबरोबर म्हाताऱ्याचा श्वासही भरभर चालायला लागला, जणू तो अजून गल्लीतून पळतोय. शेवटच्या शब्दाला तो थांबला. भिंतीच्या आडोशाला उभा असल्यासारखा क्षणभर तसाच थांबला.

कानावर हेडफोन असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. कडूबालाही कळला नाही. शेजारीण बादली खाली ठेवून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं, साऱ्या मुकुंदवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"आवडे, लई गोड म्हणतीस गं."